वादळाची रंगीत तालीम

आमच्या घरात वर्षाचे दोन भाग होते: बाबा मरायचे ते महिने आणि मरत नसत ते महिने. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की बाबा दशावतारी मंडळाबरोबर बाहेर पडत आणि वैशाखापर्यंत गावोगावच्या देवळांसमोर राजा होऊन उभे राहत. भरजरी अंगरखा, छातीवर माळा, डोक्यावर मुकुट, आणि खेळाच्या शेवटी युद्धात मरण. त्यांचं मरण बघायला माणसं तीन-तीन कोस चालत येत. पावसाळ्यात मंडळाचा पेटारा मालकाच्या माळ्यावर जाई आणि राजा लोकांच्या शेतात चिखलणीला जाई. ते चार महिने आमचे हाल असत. सकाळी पेज, दुपारी पेज, सोबत चुलीत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. एका बांगड्याचे तीन तुकडे व्हायचे. शेपटीकडचा आई घ्यायची आणि म्हणायची, "माका काटेच आवाडतत." ते मी कॉलेजला जाईपर्यंत खरं मानत होते. आई किनाऱ्यावर दुसऱ्यांची मासळी खारवायला जायची. तिच्या बोटांच्या पेरांत मिठाने चिरा पडलेल्या असत, आणि आडाळ्यावर खोबरं खवताना ती मधेच थांबून बोटं तोंडात धरायची. खोबरं खवल्याचा तो खरखर आवाज आणि मागे समुद्राची गाज, एवढंच आमच्या घराचं संगीत. बाबा घरी असले तर त्यात त्यांचं गुणगुणणं मिसळायचं. खेळ करून पहाटे परतले की त्यांच्या कानामागे रंग राहिलेला असे. तो मी ओल्या फडक्याने खोबरेल लावून पुसायचे. माझं ते काम ठरलेलं होतं.

आई मात्र बाबांचं मरण कधीच बघत नसे. लग्न झाल्यावर पहिल्याच जत्रेत तिने ते पाहिलं आणि भर देवळात ती रडत उठून गेली. लोक हसले. त्यावर बाबांनी तिला एक वचन दिलं. "मी पडलंय काय उजव्या पायाचो आंगठो हलवतलंय. तू माझ्या तोंडाकडे बघूच नको, पायाकडे बघ." तेव्हापासून बाबा मरताना नेहमी पाय बायकांच्या बाजूला येतील असे पडत. मंडळात पायपेटी वाजवणारे दाजी त्यावरून चिडायचे. "भिव्या, तुका मराकव दिशा लागता काय रे? पेटीकडे तोंड करून मर, माका सूर बदलूचो असता." बाबा नुसते हसत. आंगठ्याची गोष्ट आम्हा तिघांनाच ठाऊक होती. लहानपणी मी आईच्या मांडीवर बसून त्या आंगठ्याची वाट बघायचे. सगळं देऊळ शोकात बुडालेलं असायचं, म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावायच्या, आणि तिकडे मुकुट घातलेल्या मेलेल्या राजाचा आंगठा हळूच वर-खाली व्हायचा. आई निःश्वास टाकून म्हणायची, "हलवल्यान हां."

मी शिकले ते या घरातून. सावंतवाडीला मावशीकडे राहून मी बी.एस्सी. करत होते. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि हे मी सांगते तेव्हा आवाज खाली करत नाही. तेव्हाही करत नव्हते. मावशी लाकडी फळांना रंग द्यायची. तिच्या पडवीत बसून मी अभ्यास करायचे आणि सुट्टीत घरी आले की आईबाबांना शरीरातल्या हाडांची नावं म्हणून दाखवायचे. तिसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजच्या शिबिरात प्रथमोपचार शिकवले. रबरी बाहुल्याची छाती दाबायची, मोजायचं, श्वास बघायचा. सर म्हणाले, हिचा हात चांगला आहे. तेवढ्या एका वाक्यावर मी महिनाभर हवेत होते.

त्याच वर्षी तालुक्याच्या कचेरीने ठरवलं की चक्रीवादळ आलं तर काय करायचं याची रंगीत तालीम किनाऱ्यावरच्या एका गावात घ्यायची. गाव आमचाच निघाला. मदतीला आमच्या कॉलेजची दहा मुलं-मुली, आणि त्या गावची मुलगी म्हणून पुढारीपण माझ्याकडे. मला केशरी जॅकेट मिळालं. जखमींच्या गळ्यात घालायच्या कार्डांचा डबा मिळाला. लाल कार्ड म्हणजे आधी उचला, पिवळं म्हणजे थांबू शकतो, हिरवं म्हणजे चालत जाईल, काळं म्हणजे मेलेला. जखमी म्हणून गावातली बारा माणसं लागणार होती. कचेरीच्या साहेबांनी विचारायच्या आत लोकांनीच पहिलं नाव सांगितलं. मरायचं असेल तर भिवाशिवाय दुसरा कोण?

पण साहेबांच्या कागदावर बाबांच्या वाट्याला मोडलेला पाय आला होता. बाबा त्याने खट्टू झाले. आदल्या संध्याकाळी ओसरीवर बसून ते कुरकुरत होते.

"नुसतो पाय? इतक्या माणसांत माका नुसतो पाय दिल्यानी?"

"बाबा, नाटक नाही ते. सरकारी काम आहे."

"मगे मेलेलो कोण?"

"मेलेला पोस्टाजवळचा नाना. आणि मेलेल्याकडे तिथे कोणी जातच नाही. काळं कार्ड घालतात आणि पुढे जातात."

बाबांनी थोडा विचार केला. "म्हणजे टाळयेव नाय," ते म्हणाले. "मगे पायच बरो."

मी हसले, पण मनातून मला भीती वाटत होती ती वेगळीच. बाबा काहीतरी वाढीव करणार. साहेबांसमोर, माझ्या वर्गातल्या मुलांसमोर, सरांसमोर राजासारखे हातवारे करणार आणि सगळे म्हणणार, हिचा बाप दशावतारी. हे लिहायला आज जड जातं, पण वाटलं होतं ते वाटलं होतं. सकाळी निघताना बाबा छातीवर हात चोळत म्हणाले, जरा जळजळतंय. आईने कोकमाच्या पाण्यात जिरं घालून दिलं. पित्त असेल. मी जॅकेटची चेन लावत म्हणाले, "बाबा, आज तेवढं सरळ करा. पायाचंच." त्यांनी हात जोडून मान लववली, दरबारात लववतात तशी.

तालीम शाळेच्या मैदानावर होती, सुरूच्या बनाला लागून. लोकांनी एक चूक सुरुवातीलाच केली. त्यांना बाहेरच्यांनी दोष द्यावा असं मला वाटत नाही, कारण आमच्या माणसांना खेळ म्हटला की बसायचंच ठाऊक. भोंगा वाजला की सगळ्यांनी उठून शाळेच्या पक्क्या इमारतीत जायचं, असं साहेबांनी दोनदा समजावलं होतं. पण बायका चटया घेऊन आल्या होत्या. पुरुष माडांना टेकून शेंगा सोलत होते. भोंगा वाजला, पुन्हा वाजला, आणि एक माणूस हलला नाही. साहेब ओरडले, "अहो, वादळ आलंय. आत चला." दाजी शेंगेचं टरफल थुंकून म्हणाले, "येऊ दे साहेब. भिवाचो पार्ट झाल्याबिगर हयसून कोण हलतलो?" मैदानभर हशा पिकला. साहेबांनाही हसू आलं.

मग आम्ही डबा घेऊन जखमींच्या रांगेत शिरलो. बाबा तिसरे होते. माडाची झावळी अंगावर घेऊन ते पडले होते आणि पिवळं कार्ड त्यांच्या गळ्यात मीच सकाळी अडकवलं होतं. मी गुडघ्यावर बसले. त्यांचा एक हात छातीवर होता, चेहरा ओढलेला. ओठ हलत होते.

"बाये, माका बरा वाटना नाय."

मी इकडेतिकडे बघितलं. सर चार पावलांवर उभे होते. मी दात आवळून पुटपुटले, "बाबा, पायाचं ठरलंय. छातीचं नाही."

"दम लागता गो."

त्यांच्या मनगटाला माझा हात लागला होता. ते गार होतं. हे मला तेव्हा कळलं होतं का? कळलं होतं. हाताला कळलं होतं आणि मी ते डोक्यापर्यंत जाऊ दिलं नाही. मी उठले आणि साहेबांना ऐकू जाईल अशा शुद्ध, स्वच्छ आवाजात म्हणाले, "पिवळा. पाय मोडला आहे. थांबू शकतो." आणि लाल कार्डवाल्या बाईंकडे गेले. त्या आमच्या बालवाडीच्या बाई होत्या आणि हसू आवरत नव्हतं म्हणून तोंडावर पदर धरून पडल्या होत्या.

मागे टाळ्या झाल्या. मी वळून बघितलं तर बाबा एका हातावर उठू बघत होते, तोंड उघडं, आणि मग ते आडवे झाले. सबंध, एकदम, जसे ते कधीच पडत नसत. त्यांचं स्टेजवरचं मरण फार लांबायचं. आधी एक गुडघा, मग तलवारीचा आधार, मग दोन वाक्यं. हे मात्र पोतं पडावं तसं झालं. कोणीतरी शीळ घातली. दाजी ओरडले, "भिव्या, मेल्या, पाय मोडून कोण मरता काय रे?" पुन्हा हशा. एक म्हातारी कौतुकाने म्हणाली, "हेका म्हणतत मराण." आणि मी, पदवीला चार महिने उरलेली मी, लाजेने लाल होऊन बालवाडीच्या बाईंच्या डोक्याला पट्टी बांधत होते.

बायकांच्या चटईवरून आई उठली. ती सवयीने त्यांच्या पायाकडेच बघत बसली होती.

"आंगठो हलना नाय," ती म्हणाली.

कोणाला काही कळलं नाही. शेजारणीने तिला खाली बसायला खुणावलं. ती माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाली, मोठ्याने नाही, "गो, आंगठो हलना नाय."

माझ्या हातातली पट्टी तशीच सुटली. त्या बारा-पंधरा पावलांत काय झालं ते मला आठवत नाही. मला आठवतं ते बाबांचं कपाळ. ते भिजलेलं होतं, सकाळच्या वाऱ्यात, सावलीत. इतकी वर्षं मी तो चेहरा पुसत आले होते, मला रंग आणि घाम यांतला फरक कळायला हवा होता. श्वास नव्हता. मी झावळी फेकली, तळव्यावर तळवा ठेवला आणि दाबायला लागले. एक, दोन, तीन. मोठ्याने मोजायचं असं शिकवलं होतं, म्हणून मी मोठ्याने मोजत होते. आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. खरं सांगते, माझ्या आकड्यांवर ठेका धरून. "चेडू बापाशीचाच गो," लेकीचं कौतुक करत कोणीतरी म्हणालं. त्यांना वाटलं पुढचा प्रवेश सुरू झाला.

बरगडी मोडल्याचा आवाज माझ्या हातात आला. रबरी बाहुल्याचा असा आवाज होत नाही. मी थांबले नाही. आरोग्य केंद्राचे डॉक्टर धावत आले, त्यांनी मानेला बोटं लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. "ऑक्सिजन आणा," ते म्हणाले. तालमीसाठी सिलिंडर आणलेलाच होता, टेबलावर झेंडूची माळ घालून ठेवलेला. मदतनिसाने चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. सिलिंडर रिकामा होता. भरलेला केंद्रातच ठेवला होता, खऱ्या पेशंटला लागला तर म्हणून. डॉक्टरांनी तो बाजूला ढकलला. त्यांचं वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्त असेल. मग त्यांनी माझ्यासमोर गुडघे टेकले आणि माझे हात थकले तेव्हा स्वतः दाबायला घेतलं.

टाळ्या कधी थांबल्या ते मला कळलं नाही. आईने बाबांचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा असावं. दाजी पुढे आले होते आणि हातातल्या शेंगा तशाच मुठीत धरून उभे होते. बाबांच्या घशातून घरघर आली, छाती आपणहून हलली. डॉक्टर म्हणाले, "जीप." जीप तयार होती. रस्ता नव्हता. वादळात झाड कसं पडतं आणि ते कसं कापायचं हे दाखवायला सकाळीच सुरूचं एक मोठं खोड रस्त्यात आडवं टाकलं होतं. कापायचं यंत्र कार्यक्रमात पाचव्या नंबरला होतं आणि ते चालवणारा माणूस चहाला गेला होता. मग आमची माणसं उठली. मघापासून जी वादळालाही उठली नव्हती ती सगळी एकदम उठली. दाजींनी पहिला हात घातला, बायका पण लागल्या, आणि ते खोड त्यांनी खांद्यावर उचलून दगडी गडग्यापलीकडे टाकलं.

जीप जिल्ह्याच्या इस्पितळाकडे निघाली. चौके गावाच्या पुढे बाबांनी डोळे उघडले. असं हृदय परत चालू होणं किती दुर्मीळ असतं ते मला आज माहीत आहे, तेव्हा नव्हतं. तेव्हा मला वाटलं, संपलं, आता घरी जाऊ. मी त्यांच्यावर वाकले. त्यांनी मला ओळखलं, माझ्या जॅकेटकडे बघितलं.

"टाळये पडले काय गो?"

"पडल्या बाबा. खूप पडल्या."

त्यांनी डोळे मिटले. कसालचा तिठा यायच्या आधी श्वास पुन्हा गेला. मी आणि डॉक्टर आळीपाळीने दाबत राहिलो, जीप उसळत होती, माझ्या हाताखाली सगळं सैल झालं होतं. आई त्यांच्या पायाशी बसली होती. सबंध वाटेत तिचा तळवा त्यांच्या उजव्या पायावर होता. तिनेच शेवटी माझ्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "रव गो आता. दमलंस."

महिन्याभराने मी तालुक्याच्या कचेरीत गेले. तालमीचा अहवाल बघायचा होता. साहेब भले माणूस होते, त्यांनी खुर्ची दिली, फाइल पुढे केली. "रंगीत तालीम यशस्वी. जखमी अकरा. मृत एक." मी म्हटलं, "म्हणजे लिहिलंत तुम्ही." ते खाली बघत म्हणाले, "ते नाना. काळ्या कार्डाचे." बाबा पिवळ्यांत होते. अजून पिवळ्यांतच होते. मला वाटतं, त्या दिवशी मैदानावर जे मला कळलं नाही ते तिथे त्या खुर्चीत बसून कळलं. ही चूक कचेरीची एकट्याची नव्हती. आम्ही सगळ्यांनीच बाबांना कागदावर जे लिहिलंय तेवढंच बघितलं, आणि सगळ्यांत आधी मी. फक्त एका अडाणी बाईने पाय बघितला.

लोक मला अजून सांगतात, तू काय करणार होतीस, तू प्रयत्न केलास. ती माणसं चांगल्या मनाने बोलतात. पण मी त्यांच्याजवळून उठून गेले होते हे खरं आहे, आणि प्रत्येक वर्गात, पहिल्याच दिवशी, मी ते मुलांना सांगते. न सांगता शिकवता येत नाही.

मी पदवी घेतली. निकालाच्या दिवशी आईने आख्खा बांगडा माझ्या ताटात वाढला. पुढे फोंडाघाट चढून कोल्हापूरला नर्सिंग केलं आणि शिकवायला परत जिल्ह्यातच आले. आता केस पिकायला लागलेत, तरी किनाऱ्यावरच्या गावांत तालमी घ्यायला मीच जाते. माझे नियम लोकांना जाचक वाटतात. सिलिंडर आधी सगळ्यांसमोर उघडायचा, त्याचा आवाज शेवटच्या रांगेला ऐकू गेला पाहिजे. रस्त्यात काही आडवं टाकायचं नाही. कार्ड दर वेळी नव्याने ठरवायचं, आधी काय घातलंय ते बघायचं नाही. आणि खरंच काही झालं असं कोणालाही वाटलं, लहान असो, म्हातारा असो, शिकलेला असो, नसो, त्याने ओरडायचं, "खेळ मोडलो." मग साहेबसुद्धा थांबतात. हा शब्द दाजींनी सुचवला. आमच्या गावात छाती दाबायला शिकलेले ते पहिले. सत्तरीत बाहुल्यासमोर बसून म्हणायचे, "हेका सूर नाय गो, पण ताल आसा." आई चार वर्षं बाहुल्याजवळ आली नाही. पाचव्या वर्षी आपणहून आली, पदर खोचला आणि म्हणाली, "दाखव. खंय हात ठेवचो?"

गेल्या हिवाळ्यात रापणीचं जाळं ओढताना दाजींचा जावई वाळूवर कोसळला. तालीम-बिलीम काही नव्हती, रोजचं काम चाललं होतं. तरी कोणीतरी ओरडलं, "खेळ मोडलो." सगळ्यांनी जाळ्याचा दोर सोडला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत सात जणांनी पाळीपाळीने त्याची छाती दाबली, आणि गाडीवाल्यांनी यंत्राचा झटका देऊन हृदय परत चालू केलं. तो आज रापण ओढतो.

आमच्या गावात छाती दाबता येणारी एकेचाळीस माणसं आहेत. त्यांतली एक माझी आई. त्या सात जणांत ती दुसरी होती.